नगारेवाल्यालाही हात लावायचा नाही

(सुट्टीत मुंबईला आलेल्या सभासदांच्या दादरच्या मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी. मागून मसालेभाताचा वास यायला लागलाय, तेव्हा मला किती वेळ आहे ते वेगळं सांगायला नको.

मी वकील, पण हल्ली कोर्टापेक्षा मध्यस्थीत जास्त रमतो. मध्यंतरी दोन भाऊ समोर होते. (तपशील बदलून सांगतोय, गोपनीयतेचं बंधन आहे.) चाळीतल्या एका खोलीवरून अकरा वर्षं अबोला. धाकटा म्हणाला, "याच्याशी बोललो की याचा हक्क मान्य केल्यासारखं होईल." इथे बोललेलं कोर्टात तुमच्यावर उलटवता येत नाही, हे पटवण्यात पहिला तास गेला. तसं लिहून सही झाली, तेव्हा कुठे त्याने समोरचा चहा उचलला.

सरकारांनाही हीच भीती असते. बंडखोरांशी बोललो तर त्यांना मान्यता मिळेल! युद्धातही माणुसकी पाळायचे नियम सांगणाऱ्या १९४९च्या चारही जिनिव्हा करारांत कलम ३ सारखंच आहे, आणि ते देशाच्या आत पेटलेल्या युद्धांसाठी आहे. रेड क्रॉससारखी निःपक्षपाती संस्था दोन्ही बाजूंना सेवा देऊ करू शकते, लढणाऱ्यांनी आपसांत खास करार करायचा प्रयत्न करावा, असं ते सांगतं. शेवटी एक ओळ येते: यामुळे कोणाच्याही कायदेशीर दर्जात फरक पडणार नाही. ही ओळ नसती तर किती सरकारांनी सह्या केल्या असत्या, मला शंका आहे.

मध्यस्थाला "तुला कोणी बोलावलं होतं?" हे ऐकावंच लागतं, भावकीत काय नि जगात काय. म्हणून १८९९च्या हेग करारात लिहून ठेवलंय की लढाई चालू असतानाही तिऱ्हाईत देशाने मध्यस्थी देऊ केली, तर तो वैरभाव समजायचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम ३३ तुम्ही ऐकलं असेल. वाटाघाटी, मध्यस्थी, लवाद, न्यायालय, सगळं तिथे ओळीने आहे.

माझं लाडकं मात्र १९०७च्या हेग नियमांतलं, म्हणजे जमिनीवरच्या युद्धाच्या नियमांतलं, कलम ३२. पांढरं निशाण घेऊन बोलणी करायला आलेल्या दूताला इजा करायची नाही. त्याच्यासोबतचा कर्णेवाला, नगारेवाला, निशाणवाला आणि दुभाषा यांनाही नाही. समोरच्या सेनापतीने त्याला भेटलंच पाहिजे, अशी सक्ती नाही. पण नगारेवाल्याचं नाव कायद्यात घालणाऱ्याने रणांगण जवळून पाहिलं असणार.

आपल्या पेशवे दफ्तरातला वकील असाच, परक्या दरबारात राहून बोलणी करणारा. आणि गोष्ट याच मुंबईची आहे. १७७८च्या नोव्हेंबरात कंपनीची फौज राघोबादादांना गादीवर बसवायला इथून निघाली, घाट चढली आणि जानेवारीत वडगावला कोंडली गेली. तिथे तह झाला. फौज सुखरूप मुंबईला पोचल्यावर कंपनीने हात वर केले: सह्या करणाऱ्यांना अधिकारच नव्हता! देशादेशांनी करार कसे करायचे हे सांगणाऱ्या १९६९च्या व्हिएन्ना करारात कलम ७ नेमकं याबद्दल आहे, सही करणाऱ्याकडे अधिकारपत्र हवं. लढाई पुढे चालू राहिली ती १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत. तिथे मध्यस्थ आणि जामीन कोण? महादजी शिंदे, म्हणजे लढणाऱ्यांपैकीच एक. मध्यस्थ निःपक्ष असावा हे खरं, पण दोघांनाही ज्याचा शब्द मोडणं परवडत नाही असा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. तो तह वीसेक वर्षं टिकला.

अलीकडचं सांगायचं तर २०२२च्या जुलैमध्ये इस्तंबूलला रशिया आणि युक्रेन यांनी काळ्या समुद्रातून धान्य बाहेर जाऊ द्यायचं ठरवलं. दोघांनी एकमेकांबरोबर सही केलीच नाही. प्रत्येकाने तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांबरोबर वेगळा कागद केला. वर्षभराने रशिया बाहेर पडला, युद्ध तर थांबलं नव्हतंच. पण तोवर सुमारे ३.३ कोटी टन माल जहाजांतून गेला होता.

त्या भावांचंही खोलीचं काही ठरलेलं नाही. आईची औषधं कोणी कुठल्या महिन्यात आणायची, एवढंच ठरलं. तेही दोन वेगळ्या कागदांवर, कारण एका कागदावर शेजारी शेजारी सही करायला थोरला तयार नव्हता. पुढची तारीख संक्रांतीनंतरची आहे.