कातडीवर उमटलेली भूक
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[परात, ज्वारीचं पीठ, थापणारे हात]

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ते गरम पाण्यात भिजवून तळहाताच्या टाचेनं रगडावं लागतं. गोळा गोल फिरवत थापायचा, कड फाटू द्यायची नाही. भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात. मंगळवेढ्याच्या मालदांडीची ही भाकरी. पापुद्रा सुटतो तो क्षण बघा.

[मेडिकलचं काउंटर, ड्रॉपरची बाटली]

आणि ही बाटली. नायसिनमाइड, 10 टक्के. डागांसाठी, मुरमांसाठी, तेलकट चेहऱ्यासाठी. हे खरं तर ब-3 जीवनसत्त्वाचं एक रूप. माणसाला त्याची ओळख पटली ती गरिबांच्या कातडीवरून.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं]

मानेभोवतीचा हा पट्टा पाहा. काळपट, खरबरीत, माळ घातल्यासारखा. 18व्या शतकात स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या डॉक्टरांनी तो नोंदवला. वैद्यकात त्याला आजही ‘कासालची माळ’ म्हणतात. पुढे इटलीत या आजाराला नाव मिळालं पेलाग्रा, म्हणजे खरबरीत कातडी. ऊन लागतं तिथली त्वचा आधी जाते. मग जुलाब. मग भ्रम. मग मृत्यू.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत याची साथच पसरली. जंतूंमुळे होतं, अशी बहुतेकांची समजूत होती. 1914 मध्ये सरकारनं डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तिकडे पाठवलं. अनाथालयांत, वेड्यांच्या इस्पितळांत ते फिरले. रुग्ण आजारी पडत होते, पण त्यांची सेवा करणारे ठणठणीत होते. जंतू असा माणूस बघून धरतो का? गोल्डबर्गर यांची नजर ताटाकडे वळली. मका, काकवी, डुकराची चरबी. दूध नाही, मांस नाही.

1915 मध्ये मिसिसिपीच्या रँकिन तुरुंग-शेतावर काही कैदी प्रयोगाला तयार झाले. मोबदला होता सुटका. काही महिने मुख्यतः मका आणि पिठाचं जेवण. 11 पैकी 6 जणांच्या अंगावर पेलाग्रा उमटला. तरी लोक मानेनात. तेव्हा गोल्डबर्गर यांनी रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, पुरळाच्या खपल्या गिळल्या. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही रक्त टोचून घेतलं. कोणालाही आजार झाला नाही.

1929 मध्ये गोल्डबर्गर गेले. ताटातली कमतरता नेमकी कशाची, हे त्यांना कळायचं राहिलं.

[प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या]

कुत्र्यांनाही असाच एक आजार होतो, जीभ काळी पडते. 1937 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हेहजेम यांनी तो निकोटिनिक आम्लानं बरा केला, आणि यकृताच्या अर्कातून निकोटिनमाइड वेगळं काढलं. हेच आपलं नायसिनमाइड. ताटात कमी पडत होतं ते हेच. निकोटिनिक आम्ल तर 19व्या शतकापासून रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होतं. ते औषध आहे, एवढंच कुणाला माहीत नव्हतं. पुढे तंबाखूशी गल्लत नको म्हणून ‘नायसिन’ हे नाव रूढ झालं.

[हैदराबाद, तारनाका, संस्थेची इमारत]

इथे ही गोष्ट आपल्या पठारावर येते. पेलाग्रा हा मका खाणाऱ्यांचा आजार, असं जग मानत होतं. दख्खनमध्ये तो ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांत दिसत होता. तमिळनाडूतल्या कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा 1958 मध्ये हैदराबादला आली. तिथल्या डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये मांडलं की ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन हे अमिनो आम्ल फार असतं आणि त्यानं ट्रिप्टोफॅनचा, म्हणजे शरीर ज्यापासून नायसिन बनवतं त्या दुसऱ्या अमिनो आम्लाचा, नायसिनकडे जाणारा रस्ता बिघडतो. शरीराला 1 मिलिग्रॅम नायसिन करायला एरवीही सुमारे 60 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन लागतं. या उपपत्तीवर नंतर वाद झाले. ज्वारीला मात्र खलनायक करू नका. भाकरीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे असले की प्रश्नच मिटतो.

[खलबत्त्यात कुटली जाणारी शेंगदाण्याची चटणी]

सोलापूरची ही चटणी. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 12 मिलिग्रॅम नायसिन असतं. प्रौढ माणसाची दिवसाची गरज 14 ते 16 मिलिग्रॅम.

[सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेच्या पेशी]

आता पुन्हा बाटली. पेशी या जीवनसत्त्वापासून एनएडी नावाचं रसायन बनवतात. ऊर्जेला तेच लागतं आणि उन्हानं बिघडलेला डीएनए दुरुस्त करायलाही. रंगपेशी रंगाचे कण बनवून शेजारच्या पेशींकडे देतात. नायसिनमाइड ही देवघेव कमी करतं, असं 2002 च्या संशोधनात दिसलं. बरेचसे अभ्यास 2 ते 5 टक्क्यांवर झालेत, 10 वर नाही.

2015 मध्ये ऑस्ट्रेलियात 386 जणांवरच्या चाचणीत दिवसातून दोनदा 500 मिलिग्रॅमच्या गोळीनं मेलॅनोमा (रंगपेशींचा कर्करोग) सोडून इतर त्वचाकर्करोग 23 टक्क्यांनी कमी झाले. हे सगळे आधी असा कर्करोग झालेले. गोळी थांबली, फायदाही थांबला. डॉक्टरांना न विचारता ती घेऊ नका.

[रब्बीचं रान, काढणी]

मंगळवेढ्याचं रान. दुपारचे बारा. पेंढ्या बाजूला ठेवून बायका सावलीला बसल्यात. फडकं सुटतंय. भाकरी, कांदा, बोटभर चटणी.

[निवेदन नाही. शेवटपर्यंत फक्त शेतातला आवाज.]