मृत्युपत्रातली एक ओळ

(अमरावती रोड. फाटकातून आत शिरणारी मुलं, मागे जुनी इमारत.)

नागपूरकर आजही या संस्थेला 'एलआयटी' म्हणतात. पूर्ण नाव लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. यातला 'एल' म्हणजे लक्ष्मीनारायण. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण. 1930 मध्ये त्यांनी मृत्युपत्र केलं आणि संपत्तीचा मोठा वाटा नागपूर विद्यापीठाच्या नावे लिहिला. विद्यापीठ तेव्हा जेमतेम सात वर्षांचं होतं. त्या दानातून ही संस्था उभी राहायला 1942 उजाडलं. 2023 मध्ये तिचंच विद्यापीठ झालं.

ही झाली रावबहादुरांची गोष्ट. पण असं दान करायला रावबहादूर असावं लागत नाही.

(नागपुरातला महाल भाग. खिडकीजवळचं टेबल, चष्मा, रेघी कागद.)

या बाई निवृत्त शिक्षिका. पुण्याची लेक मुद्दाम आली आहे. आईनं तिला आधीच सांगितलंय: घर तुझं, दागिने नातीचे आणि माझ्या ठेवींतला दहावा हिस्सा अभ्यासिकेला.

(अभ्यासिका, रात्र. ट्यूबलाइटखाली वाकलेली डोकी.)

घरी पुस्तक उघडायला कोपरा नाही, अशी वस्तीतली मुलं इथं बसतात.

(पुन्हा टेबल. हात जवळून.)

आधी बाईंनी लिहिलं होतं, 'अभ्यासिकेला काही रक्कम द्यावी.' वकिलांनी विचारलं, "काही म्हणजे किती, बाई? आणि द्यावी कोणी?" ती ओळ त्यांनी खोडली. आता अभ्यासिका चालवणाऱ्या ट्रस्टचं पूर्ण नाव, पत्ता आणि धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक उतरवताहेत, एकेक आकडा पावतीशी ताडून. ठेवी पुढं कमी-जास्त होतील, म्हणून रकमेऐवजी हिस्सा लिहिला. उद्या अभ्यासिकाच बंद पडली तर? तर तो हिस्सा मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला, तीही नोंदणी झालेल्या. हे सगळं पार पाडायला व्यवस्थापक म्हणून भाच्याचं नाव. त्याला विचारून, बरं का. न विचारता नाव घालणारे फार.

कागद साधा आहे, स्टॅम्पपेपर लागत नाही. ठेवी स्वकष्टाच्या, त्यामुळे कोणाला द्यायच्या हे त्याच ठरवणार. मन बदललं तर नवं मृत्युपत्र करता येतं; शेवटचं केलेलं खरं.

(सही. दोन साक्षीदार.)

शेजारचे डॉक्टर आणि समोरचे पोस्टातून निवृत्त झालेले काका. बाईंनी दोघांसमोर सही केली, मग त्यांच्यासमोर या दोघांनी. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याला दोन साक्षीदार लागतात. या दोघांना मृत्युपत्रातून काहीच मिळणार नाही, आणि ते तसंच असलेलं बरं. नोंदणी सक्तीची नाही. बाई तरीही उद्या दुय्यम निबंधकांकडे जाणार आहेत.

बँकेत नॉमिनी लावला की झालं, असं घरोघरी समजतात. नॉमिनीच्या हाती पैसे येतात, मालकी मृत्युपत्रात ज्यांना दिलं त्यांची, नाहीतर वारसांची राहते. आणि मृत्युपत्रच नसेल तर सगळं कायद्यानं वारसांत वाटलं जातं. संस्थेला काही मिळत नाही, तोंडानं कितीही कबूल केलेलं असो.

(लोखंडी कपाट. खाकी पाकीट, वर घडी केलेलं लुगडं.)

पाकीट कुठं ठेवलं, ते बाई लेकीला दाखवतात. किल्लीची जागाही.

"बघितलंस ना? चल, चहा ठेव सगळ्यांना."