टेन्शन आणि सोरायसिस

नमस्कार, श्रोतेहो.

सोरायसिसचा पेशंट कोपरावरचे लाल, खपल्या धरलेले चट्टे दाखवतो आणि हळूच विचारतो, "डॉक्टर, हे टेन्शनमुळे झालंय का?" घरी त्याला कुणीतरी ऐकवलेलं असतं, की तू फार विचार करतोस म्हणून हे होतं. आजारी माणसाच्या माथी असा दोष मारणं मला फार लागतं.

सोरायसिसची प्रवृत्ती बऱ्याचदा घराण्यातूनच येते. प्रतिकारशक्ती बिघडते आणि एरवी जवळजवळ महिना घेऊन वर येणाऱ्या त्वचेच्या पेशी काही दिवसांतच वर येऊन साचतात. मुळात असलेला हा आजार ताणाने भडकू शकतो, एवढं मात्र खरं. कातडीपर्यंत पोचलेल्या मज्जातंतूंच्या टोकांतून अशी द्रव्यं सुटतात, की दाह वाढतो.

ताणाचा त्वचेवर कसा परिणाम होतो, हे दाखवणारा एक प्रयोग १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये झाला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची घरी शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर, त्यांच्या संमतीने, साडेतीन मिलिमीटरची जखम केली. त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा ती भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. त्या बायका काही 'फार विचार' करत नव्हत्या. त्यांच्यावर भार होता.

आणि सोरायसिसवाल्यावर भार कोण टाकतं? सलूनमध्ये त्याला टाळतात. पंगतीत शेजारचा सरकून बसतो. मुलीचं लग्न ठरेपर्यंत चट्टे लपवायचे, म्हणून ती भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. अहो, सोरायसिस संसर्गजन्य नाही! हात मिळवून, एका ताटात जेवून तो होत नाही. "टेन्शन घेऊ नकोस" म्हणणाऱ्याने आधी त्याच्या शेजारी बसावं.

मन शांत केल्याने फायदा होतो का? १९९८च्या एका अमेरिकी अभ्यासात प्रकाश-उपचार, म्हणजे त्वचेवर अतिनील किरण, घेताना ध्यानाची टेप ऐकणाऱ्यांची त्वचा लवकर निवळली. रुग्ण अवघे ३७ होते, आणि प्रकाश-उपचार सगळ्यांनाच मिळत होते, हे विसरू नका. ध्यान करा, पण औषधाच्या जोडीने. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नका. सोरायसिस उसळतो, कधी अंगभर पुवाचे फोड येतात.

झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तेही त्वचेच्या डॉक्टरांना सांगा. मानसिक आरोग्यासाठी असलेल्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.