बाळाचं हिमोग्लोबिन बंद कोण करतं?

सिकलसेल, म्हणजे लाल पेशींना विळ्याचा आकार देणारा रक्ताचा आजार, घेऊन जन्मलेलं बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं. दूध पितं, वजन धरतं, हसतं-खेळतं. बिघडलेलं जनुक पहिल्या दिवसापासून त्याच्या अंगात आहे, आईकडून एक प्रत आणि वडिलांकडून एक, तरी त्याचा मागमूस नाही. मग सहा महिन्यांच्या आसपास कधीतरी हाताचे पंजे, पावलं सुजतात, बाळ हात लावू देत नाही, आणि आजार उघडा पडतो. न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच हे नोंदवलं होतं. या बाळांच्या रक्तात जन्माच्या वेळी विळ्यासारख्या पेशी फार थोड्या दिसतात, आणि त्याचं कारण गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असावं, असा त्यांचा तर्क होता. तो बरोबर निघाला.

पेशी जनुक चालू कसं करते आणि बंद कसं करते, हा आजचा विषय. तो हिमोग्लोबिनच्या आधारे मांडतो, कारण इतक्या बारकाईने तपासलेलं दुसरं उदाहरण क्वचितच असेल. शिवाय विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्या घरांत सिकलसेल आहे, तिथे हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही.

आधी हिमोग्लोबिनची बांधणी पाहू. एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा जातीच्या आणि दोन बीटा जातीच्या. मोठ्या माणसात दोन अल्फा आणि दोन बीटा, हे हिमोग्लोबिन ए. गर्भात बीटाच्या जागी गॅमा, हे हिमोग्लोबिन एफ. सिकलसेलमधला बिघाड बीटा साखळीत असतो, त्या हिमोग्लोबिनला एस म्हणतात. म्हणून गॅमा भरपूर असेपर्यंत आजार दिसत नाही. एफची ऑक्सिजनवरची पकड ए पेक्षा घट्ट असते, म्हणून वारेतून ते आईच्या रक्तातला ऑक्सिजन ओढून घेऊ शकतं. बीटा जातीची सगळी जनुकं अकराव्या गुणसूत्रावर एका रांगेत बसलेली आहेत. आधी एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा आणि शेवटी बीटा. ती चालू होतात तीही साधारण याच क्रमाने. पहिल्या काही आठवड्यांत एप्सिलॉन, पुढे गर्भाच्या यकृतात गॅमा, जन्माच्या आसपास अस्थिमज्जेत बीटा. जन्मलेल्या बाळात ६० ते ८० टक्के हिमोग्लोबिन एफ असतं, मोठ्या माणसात एक टक्क्याहून कमी. ही अदलाबदल जन्म झाला म्हणून होत नाही. तिचे दिवस गर्भधारणेपासून मोजले जातात. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळात एफ जास्त सापडतं आणि अधिक काळ टिकतं.

आता रांगेच्या अलीकडे पाहा. एप्सिलॉनच्याही आधी डीएनएचा एक पट्टा आहे. त्याच्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही. त्याला लोकस कंट्रोल रीजन म्हणतात, थोडक्यात एलसीआर. तो बीटा जनुकापासून जवळपास पन्नास हजार अक्षरं दूर आहे. तो सापडला कसा, हे सांगण्यासारखं आहे. केंद्रकात डीएनए मोकळा पडलेला नसतो. दर १४७ अक्षरांचा एक वेढा हिस्टोन प्रथिनांच्या गठ्ठ्याभोवती गुंडाळलेला असतो. अशा गुंडाळीवर डीएनए कापणारं विकर सोडलं, तर ते आधी तिथे कापतं जिथे डीएनए उघडा आहे. लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत या पट्ट्यावर अशा पाच उघड्या जागा मिळाल्या. त्वचेच्या पेशीत त्याच जागा बंद असतात. अक्षरं दोन्हीकडे तीच, पण एकीकडे पान उघडलेलं आणि दुसरीकडे मिटलेलं.

या पट्ट्याचं महत्त्व काही रुग्णांनी दाखवून दिलं. त्यांना थॅलेसेमिया, म्हणजे बीटा साखळी पुरेशी न बनण्याचा आजार होता, पण बीटा जनुक वाचून पाहिलं तर त्यात एकही चूक नाही. एलसीआरचा मोठा तुकडा मात्र गळलेला होता. तेवढ्याने बीटा जनुकाभोवतीची गुंडाळी घट्ट मिटली आणि जनुक मुकं झालं. जनुक शाबूत असणं आणि जनुक चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

पन्नास हजार अक्षरं दूर बसलेला पट्टा जनुकापर्यंत पोहोचतो कसा? मधला डीएनए फास घालून वळतो आणि दोन टोकं शेजारी येतात. जीएटीए१, टीएएल१, एलडीबी१ ही प्रथिनं हा फास बांधून धरतात. जीएटीए१ डीएनएवरची जी-ए-टी-ए ही अक्षरं ओळखून बसतं, आणि ते मोजक्याच पेशींत असतं. मेंदूच्या किंवा त्वचेच्या पेशीत हिमोग्लोबिन का बनत नाही, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. फास बसला की जनुकाच्या तोंडाशी, म्हणजे प्रमोटरवर, आरएनए बनवणारी यंत्रणा जमते आणि प्रत काढायला लागते. एलसीआर एका वेळी एकाच जनुकाशी बांधला जातो. गॅमाशी बांधला तर बीटाला मिळत नाही. फिलाडेल्फियात २०१४ मध्ये केलेल्या प्रयोगात मोठ्या माणसाच्या पेशींत एलडीबी१ मुद्दाम गॅमाच्या प्रमोटरवर आणून बसवलं. गॅमा चालू झालं आणि त्याच प्रमाणात बीटा उतरलं. फास हा केवळ परिणाम नसून कारण आहे, याचा याहून थेट पुरावा मिळणं कठीण.

मग मोठेपणी एलसीआर गॅमाकडे का जात नाही? कारण गॅमाच्या दारात कोणीतरी आडवं बसलेलं असतं. त्या प्रथिनाचं नाव बीसीएल११ए. गंमत म्हणजे त्याचा सुगावा निरोगी माणसांच्या रक्तातून लागला. काही लोकांत मोठेपणीही एफ थोडं जास्त असतं. अशा लोकांचे डीएनए तुलनेला घेतल्यावर २००७-०८ च्या सुमारास दुसऱ्या गुणसूत्रावरच्या बीसीएल११ए कडे बोट गेलं, आणि २००८ मध्येच हार्वर्डच्या गटाने दाखवलं की ते कमी केलं की गॅमा वाढतं. गॅमा जनुक जिथून सुरू होतं, त्याच्या अलीकडे ११५ अक्षरांवर टी-जी-ए-सी-सी अशी अक्षरं आहेत. बीसीएल११ए तिथे चिकटतं आणि गुंडाळी घट्ट करणाऱ्या यंत्रणेला बोलावून घेतं. ही यंत्रणा हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल गट काढते. ते गट असले की वेढा सैल राहतो, गेले की आवळतो. या अक्षरांपैकी एखादं जन्मतःच बदललेलं असेल तर बीसीएल११ए ला बसायला जागा राहत नाही. ११७ क्रमांकाच्या जागी असा एका अक्षराचा बदल ग्रीसमध्ये सापडला. तो असलेल्या माणसात आयुष्यभर १० ते २० टक्के एफ राहतं आणि त्याला काहीही त्रास होत नाही.

आपल्याकडच्या सिकलसेलचा इथे संबंध येतो. भारतात हे जनुक बहुधा ज्या वंशखंडासोबत येतं, त्याला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. त्यात गॅमा जनुकाच्या अलीकडे १५८ क्रमांकाचं अक्षर सी ऐवजी टी असतं, आणि अशा रुग्णांत एफ पुष्कळदा २० टक्क्यांच्या आसपास राहतं. म्हणून भारतातला सिकलसेल सौम्य असतो असं सरसकट म्हटलं जायचं. हे विधान जपून करावं. विदर्भातल्या दवाखान्यांत तीव्र दुखणी, वारंवार रक्त चढवावं लागणारी मुलं आहेतच. एक कारण असं की २० टक्के ही सरासरी असते. काही पेशींत ३० टक्के आणि काहींत शून्य असेल, तर शून्यवाल्या पेशी विळा होणारच. एका लाल पेशीत सुमारे ३० पिकोग्रॅम हिमोग्लोबिन असतं. त्यातलं दहाएक पिकोग्रॅम एफ असेल तर ती पेशी बऱ्यापैकी सुरक्षित समजतात. किती पेशींना तेवढं मिळालं, हा खरा प्रश्न.

इथवर फक्त प्रत काढण्याबद्दल बोललो. पण नियंत्रण त्यापुढेही चालतं. बीटा जनुकाची काढलेली कच्ची प्रत तीन कामाच्या तुकड्यांची असते आणि त्यांच्या मधले दोन निरुपयोगी तुकडे कापून टाकावे लागतात. कुठे कापायचं, हे सीमेवरची अक्षरं सांगतात. भारतात बीटा थॅलेसेमियात सर्वांत जास्त सापडणारा बदल नेमका या सीमेपाशी आहे. पहिल्या निरुपयोगी तुकड्यातलं पाचवं अक्षर जी च्या जागी सी. प्रथिनाची अक्षरं तशीच, पण कापणारी यंत्रणा गोंधळते आणि शेजारच्या तीन चुकीच्या जागी कापू लागते. बरोबर कापलेल्या प्रती थोड्याच उरतात. लॅबमध्ये फक्त प्रथिनाचं वाचन करून थांबलं, तर हा बदल नजरेतून निसटतो.

त्याच्याही पुढे, आरएनए तयार असूनही प्रथिन बनवायचं की नाही, हे पेशी ठरवते. हिमोग्लोबिनच्या साखळीत हीम, म्हणजे ऑक्सिजन धरणारा गट, बसवायला लोह लागतं. लोह कमी पडलं की हीम कमी पडतं, आणि तसं झालं की एचआरआय नावाचं विकर जागं होतं. ते प्रथिन बनवायच्या सुरुवातीलाच लागणाऱ्या एका घटकाला फॉस्फेट चिकटवतं आणि काम थांबवतं. थांबवलं नाही तर हीम नसलेल्या साखळ्यांचा पेशीत कचरा साचेल. लोह कमी पडून होणाऱ्या रक्तक्षयात पेशी लहान आणि फिक्या दिसतात त्यामागे हे आहे. याचा तपासणीवरही परिणाम होतो. थॅलेसेमिया मायनर ओळखायला एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीत) हिमोग्लोबिन ए२, म्हणजे बीटाऐवजी डेल्टा साखळी असलेलं हिमोग्लोबिन, पाहतात. ते ३.५ टक्क्यांहून जास्त आलं तर वाहक समजतात. लोहाची कमतरता असेल तर ए२ खाली येतं आणि वाहक माणूस ‘नॉर्मल’ ठरतो. गरोदर बाईचा अहवाल वाचताना ए२ ३.२ किंवा ३.४ दिसलं तर फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचं माप) पाहिल्याशिवाय तो मिटवू नये. गरज पडल्यास नवऱ्याची तपासणी लगेच करावी, लोह भरून निघायची वाट पाहण्यात दिवस जातात.

अशीच दुसरी चूक सोल्युबिलिटी चाचणीत होते. गावपातळीवर सिकलसेलसाठी ती स्वस्त आणि सोपी आहे, रक्त द्रावणात टाकून मागच्या रेघा दिसतात का पाहायचं. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळात एस इतकं कमी असतं की द्रावण गढूळच होत नाही. नकारात्मक निकाल हातात घेऊन आईबाप निश्चिंत घरी जातात. या वयात एचपीएलसी किंवा तत्सम चाचणीच हवी. शिवाय सोल्युबिलिटी चाचणी सकारात्मक आली तरी माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही.

उपचारांकडे येऊ. हायड्रॉक्सीयुरिया हे कर्करोगावरचं जुनं औषध पेशी विभागणीची घाई रोखतं. मज्जा पुन्हा वेगाने लाल पेशी घडवायला लागते, आणि अशा घाईत घडलेल्या पेशींत गॅमा जास्त राहतं. हे नेमकं कसं, याची प्रत्येक पायरी अजून उलगडलेली नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रौढांसाठी मान्यता मिळाली. तिथली सुरुवात दिवसाला किलोमागे १५ मिलिग्रॅमची असते. भारतात किलोमागे १० मिलिग्रॅमच्या ठरलेल्या मात्रेवरही पुष्कळ मुलांना फायदा होतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तपासत राहावं लागतं, त्या फार उतरल्या की औषध काही दिवस थांबवून मात्रा कमी करायची. औषध लागू पडत नाही, अशी तक्रार असली की आधी गोळ्या रोज घेतल्या जातात का हे विचारावं, आणि परिणाम दिसायला काही महिने लागतात हे सुरुवातीलाच सांगावं.

दुसरा मार्ग थेट दारावरच्या पहारेकऱ्याकडे जातो. बीसीएल११ए पूर्ण काढून टाकता येत नाही. मेंदूच्या वाढीला आणि पांढऱ्या पेशींतल्या बी पेशींना ते लागतं. ज्या मुलांत त्याची एक प्रत जन्मतः नादुरुस्त असते, त्यांची बौद्धिक वाढ मागे राहते. पण बीसीएल११ए जनुकाच्या आतच एक एन्हान्सर, म्हणजे जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा पट्टा आहे, तो फक्त लाल पेशींच्या वाटेवर काम करतो. त्यावर जीएटीए१ बसतं. तेवढीच अक्षरं क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या कात्रीने तोडली, तर लाल पेशींत बीसीएल११ए कमी होतं आणि मेंदूत तसंच राहतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि ८ डिसेंबरला अमेरिकेने मान्यता दिलेला उपचार हाच. प्लेरिक्साफोर देऊन मूळ पेशी रक्तात आणतात (त्यासाठी नेहमी वापरलं जाणारं औषध जी-सीएसएफ इथे चालत नाही, सिकलसेलमध्ये ते जिवावर बेतू शकतं), मशिनवर त्या वेगळ्या करतात, विजेच्या झटक्याने कात्री आत घालतात. मग बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन जुनी मज्जा रिकामी करतात आणि किलोमागे किमान तीस लाख पेशी परत देतात. अमेरिकेच्या मान्यतेवेळी तपासण्याजोग्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. सिकलचं जनुक मात्र त्यांच्यात जसंच्या तसं आहे. अडचण बुसल्फानची आहे. वंध्यत्वाचा धोका, आठवड्यांचा दवाखाना, आणि किंमत बावीस लाख डॉलर.

म्हणून आज बहुतेक घरांसाठी कामाची गोष्ट दुसरीच आहे. जन्मलेल्या बाळाच्या अहवालात एफ आणि एस दोन्ही दिसले आणि ए अजिबात नसलं, तर हातात थोडेच महिने असतात. गॅमा उतरायला लागलं की प्लीहा निकामी होऊ लागते आणि न्यूमोकोकस या जंतूचा संसर्ग काही तासांत बाळ नेऊ शकतो. दोन महिन्यांचं होण्याआधी पेनिसिलिन सुरू करायचं, तीन वर्षांपर्यंत १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पुढे पाच वर्षांपर्यंत २५० मिलिग्रॅम दोनदा. लस द्यायची, आणि प्लीहा हाताने कशी चाचपायची हे आईला पहिल्याच भेटीत शिकवायचं.