केमोनंतरचा ताप आणि बघायला येणारी माणसं

नमस्कार श्रोतेहो.

घरातलं माणूस कॅन्सरसाठी ॲडमिट झालं, मग ते बेळगावात असो, मिरजेला, कोल्हापूरला की हुबळीला, दोन दिवसांत नातेवाईक सिस्टरला बाजूला घेऊन विचारतात, "काय ओ सिस्टर, इथं त्यांना आणि दुसरं काय लागणार नाही न्हवं?" मी वॉर्डात बरीच वर्षं नोकरी केली. विचारणाऱ्याची नजर शेजारच्या कॉटवरच्या खोकल्याकडे, फरशीकडे, संडासाच्या दाराकडे जायची. त्यांचं भिणं खोटं नव्हतं. पण त्याच वेळी त्यांच्याच बरोबर आलेली आठ-दहा माणसं पेशंटच्या कॉटवर टेकून बसलेली असायची, आणि त्यांची भीती कुणालाच वाटत नसायची.

आधी शरीरात काय होतं ते बघू. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. कॅन्सरच्या पेशी तशाच, आणि हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिल म्हणून एक जात आहे. ती रक्तात जेमतेम दिवसभर टिकते, त्यामुळे मगजातून रोज नवा पुरवठा लागतो. केमोनं तो पुरवठा थांबतो. बहुतेक औषधांत सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत या पेशी सगळ्यात कमी असतात, मग तीन-चार आठवड्यांत परत भरून येतात. म्हणजे डिस्चार्ज मिळून, घरी येऊन, "आता बरं वाटतंय" म्हणायला लागल्यावरच धोक्याचे दिवस सुरू होतात.

रिपोर्ट हातात आला की हिशेब तुम्हीही करू शकता. एकूण पांढऱ्या पेशी समजा 1,800 आणि न्यूट्रोफिल 20 टक्के, तर लढणाऱ्या पेशी 360. हा आकडा 500 च्या खाली गेला की डॉक्टर गंभीरपणे घेतात. 1,800 बघून "थोडं कमी आहे" असं म्हणून गप्प बसणारे मी पुष्कळ पाहिलेत.

आता त्या खोकणाऱ्या शेजाऱ्याकडे वळू. त्याच्यापासून लांब राहायचं, तो दोन आठवड्यांहून जास्त खोकत असेल तर सिस्टरला सांगायचं, मास्क लावायचा, हे सगळं बरोबरच. पण अशा पेशंटला होणारी बरीच इन्फेक्शन बाहेरून येतच नाहीत. आपल्या तोंडात, आतड्यात, कातडीवर कायमचे जंतू असतात. एरवी ते निमूट राहतात. केमोनं तोंड सोलवटतं, आतड्याचं अस्तर पातळ होतं, राखणदार पेशी नसतात, आणि हेच घरचे जंतू रक्तात शिरतात. म्हणून मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, शौचानंतरची नीट स्वच्छता आणि एनिमा टाळणं, या बारीकसारीक गोष्टींना मी फरशी पुसण्यापेक्षा जास्त किंमत देते.

आणि ताप. पू, सूज, लाली हे सगळं पांढऱ्या पेशींचंच काम असतं. पेशीच नाहीत तर पू होणार कशाचा? जखम कोरडी दिसते, छातीचा फोटोही कधी कधी स्वच्छ येतो, आणि ताप एवढी एकच खूण उरते. म्हणून घरात डिजिटल थर्मामीटर पाहिजेच. हात कपाळाला लावून "कढत लागतंय" म्हणणं इथं उपयोगाचं नाही. 100.4 फॅरनहाइट, किंवा तुमच्या डॉक्टरांनी सांगितला असेल तो आकडा दिसला की ताप आला समजा. काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा थोडा कमी दिसतो, आणि गरम चहा पिल्यावर लगेच तोंडात मोजलात तर खोटा चढतो.

ताप दिसला की गावातल्या मेडिकलमधून गोळी आणून द्यायची आपली रीत आहे. केमो चालू असताना ती मोडा. गोळीनं ताप उतरतो, जंतू तिथंच राहतात, आणि सकाळपर्यंत बीपी खाली गेलेलं असतं. आधी मोजा, दवाखान्यात फोन करा, निघा. तिथं पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असा डॉक्टरांचा नियम आहे. त्यासाठी कॅज्युअल्टीच्या टेबलावर पहिलं वाक्य "ताप आलाय" हे नको, "केमो घेतलेला पेशंट आहे, ताप आलाय" हे हवं. समोरचा कन्नड बोलणारा असेल तर "केमो तगोंडिद्दारे, ज्वर बंदिदे." एवढं घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. नुसता ताप म्हणालात तर सर्दी-खोकल्याच्या रांगेत बसवतील.

बाहेरून येणाऱ्या जंतूंचं सगळ्यात मोठं वाहन म्हणजे हात. 1847 साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात इग्नाझ सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरनं शवविच्छेदन करून बाळंतिणींकडे येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू एप्रिलमध्ये शंभरात अठराच्या आसपास होते, ते जूनमध्ये दोनाच्या आसपास आले. जंतूंमुळं रोग होतात हे तेव्हा अजून सिद्ध व्हायचं होतं. त्याच्या सहकाऱ्यांना राग आला तो आपले हात दोषी ठरवले म्हणून. आजही डॉक्टरांना "साहेब, हात धुतलात न्हवं?" असं विचारायला आपली जीभ रेटत नाही. विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही, आणि रागावला तरी हात धुतो. कॉटजवळच्या बाटलीतलं सॅनिटायझर वीस-तीस सेकंद चोळा, अंगठीखाली, नखांत. जुलाब लागलेला पेशंट असेल तर मात्र साबण आणि पाणीच, कारण काही जंतूंच्या बियांना अल्कोहोल काही करत नाही.

आता आपली माणसं. गावातून वडाप भरून बघायला यायचं, येताना शहाळी, मोसंबी, एक-दोन लहान पोरं. न आलं तर वर्षभर बोलणी. ही माया आहे, मला मान्य आहे. पण सर्दी, जुलाब, अंगावर पुरळ असलेला एकही माणूस आत जायला नको, कांजिण्यांच्या घरातला तर नकोच. नाही म्हणायचं कुणी, हा खरा प्रश्न. पेशंटच्या बायकोला ते जमत नाही, सुनेला तर नाहीच. थोरल्या दिरानं किंवा मामानं पुढं व्हावं, "डॉक्टरांनी बंदी घातलीया" म्हणावं, आणि माणसांना दाराबाहेर चहा पाजून परत पाठवावं. डॉक्टरवर ढकला, आमची काही हरकत नसते.

सौंदत्तीच्या यल्लम्माचा, चिंचलीच्या मायाक्काचा भंडारा उशाशी ठेवण्याबद्दल बायका हळूच विचारतात. मी देवाच्या आड येत नाही. पण हळदीच्या पुडीत बुरशीचे कण असू शकतात, आणि छातीवर किंवा दंडात नळी बसवलेली असेल तर तिच्या ड्रेसिंगजवळ पूड उडायला नको. भंडारा घरच्या देव्हाऱ्यात राहू दे, नमस्कार तिथूनही पोचतो. ताज्या फुलांचं तेच, फुलदाणीतल्या साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. गोठ्यातून आलेल्यानं आंघोळ करून, कपडे बदलून मगच जवळ बसावं.

खाण्याबद्दल घाबरून पेशंटला उपाशी ठेवू नका. कच्चं सगळं बंद केल्यानं इन्फेक्शन कमी होतात असं चाचण्यांत काही दिसलेलं नाही. ताजी भाकरी, शिजवलेली आमटी, स्वतःच्या हातानं धुऊन सोललेलं केळं चालतं. कापून ठेवलेली फळं आणि उघड्यावरचा उसाचा रस नको.

जांबोटी-कणकुंबीकडच्या लोकांना एक सांगते. पावसाळ्यात रात्री ताप आला तर गाडी शोधायची वेळ येऊ देऊ नका. केमो झाल्या दिवशीच कुणाची जीप येणार ते ठरवा, ड्रायव्हरचा नंबर आणि वॉर्डाचा नंबर दारामागं खडूनं लिहा. जीप नाही मिळाली तर 108. सोबत शेवटचा रिपोर्ट, केमोचा कागद आणि थर्मामीटर घ्या, आणि ताप किती वाजता किती होता ते त्याच कागदाच्या मागं लिहीत चला.

नमस्कार.