लोहकणांवरचा लेप

वर्धा जिल्ह्यातील एका ग्रामीण महाविद्यालयाची ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. शरीरातील कर्करोगाच्या पेशी हेरू शकतील असे लोहकण तयार करण्याचे काम इथे चालू आहे. चंचुपात्रातील पिवळसर-तांबूस द्रावणात फेरिक आणि फेरस क्लोराइड दोनास एक या प्रमाणात मिसळलेले आहे. विद्यार्थिनी त्यात अमोनिया थेंबाथेंबाने सोडते आणि पाहता पाहता द्रावण काळेभोर होते. हा साका म्हणजे मॅग्नेटाइट, लोहाचे चुंबकीय ऑक्साइड. त्याचा एकेक कण साधारण 10 नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढा. यासाठी लागणारी उपकरणे बहुतेक तालुक्याच्या महाविद्यालयांत असतात, हे मुद्दाम सांगायला हवे.

पात्राला बाहेरून लोहचुंबक लावताच साका त्या बाजूला ओढला जातो आणि उरलेले पाणी नितळ दिसू लागते. चुंबक काढून पात्र हलवले की कण पुन्हा पाण्यात पसरतात. इतक्या लहान कणांत, बाहेरचे चुंबकीय क्षेत्र नाहीसे झाल्यावर, चुंबकत्व शिल्लक राहत नाही; ते राहिले असते तर रक्तात कणांच्या गुठळ्या झाल्या असत्या.

तरीही उघडे कण शरीरात सोडता येत नाहीत, कारण ते एकमेकांना चिकटतात आणि यकृतातील भक्षक पेशी त्यांना चटकन गिळतात. म्हणून त्यांना डेक्स्ट्रान या शर्करेच्या लांब साखळ्यांपासून बनलेल्या पदार्थाचा किंवा कोळंबीच्या टरफलापासून मिळणाऱ्या कायटोसानचा लेप देतात. खरी करामत या लेपाची आहे, कारण त्यावरच फॉलिक आम्ल हे जीवनसत्त्व किंवा प्रतिपिंडे जोडता येतात आणि विशिष्ट ग्राही प्रथिने (ठरावीक रेणू पकडणारी प्रथिने) अंगावर बाळगणाऱ्या कर्कपेशींना ती जाऊन चिकटतात. मग एमआरआयमध्ये लोहालगतच्या पाण्याचा संकेत लवकर मावळतो आणि तेवढा भाग काळा उमटतो.

फाटकासमोरच्या पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून खर्रा तयार होतो आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर ईजीएफआर हे ग्राही प्रथिन बहुधा प्रमाणाबाहेर आढळते, त्यामुळे त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचे लेप जगभरच्या प्रयोगशाळांत तपासले जात आहेत.

डेक्स्ट्रानचा लेप असलेले लोहकण यकृताच्या एमआरआयसाठी अमेरिकेत 1996 मध्ये मंजूर झाले होते. त्यांत निरोगी यकृत काळे दिसे आणि गाठ उजळ उरे. पुढे त्यांचे उत्पादन थांबले, आणि नेमकी कर्कपेशी हेरणारे कण रुग्णालयांच्या नित्य वापरात अद्याप आलेले नाहीत. इथल्या विद्यार्थिनींचे काम सध्या साका धुऊन त्यावर कायटोसान चढवण्यापर्यंत पोहोचले आहे. फॉलिक आम्ल जोडण्याचा टप्पा त्यानंतरचा.