पोट दुखतं ते सकाळीच

दृश्य : पावसाळ्यातली पहाट. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावचा रस्ता. सायकलवर पदेर, म्हणजे पाववाला, मागे प्लास्टिकने झाकलेली पावाची टोपली.

सकाळचे सव्वासहा. पदेराचा भोंगा वळणावर वाजतो, घराघरांत दिवे लागतात. पावणेसातला वाळपईकडे जाणारी बस आहे. आणि नेमक्या याच अर्ध्या तासात नववीतल्या एका मुलाच्या पोटात कळ येते. आई कपाळाला हात लावून बघते. ताप नाही. ओवा चावायला देते. बस येते आणि निघून जाते. "राहा आज घरी," आई म्हणते. साडेआठला मुलगा उठून चहात पाव बुडवून खातो. पोट बरं झालेलं असतं. रविवारी तर ते दुखतच नाही.

घरात एक शब्द फिरू लागतो : नाटकं.

असं घर गोव्यात कुठेही सापडेल, म्हणून हे चित्र आपण डोळ्यांसमोर ठेवू. आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ती कळ खरी असते. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढतं, आतड्यांची हालचाल बदलते, मळमळतं, संडासला धावावं लागतं. परीक्षेला जाताना हे बहुतेकांनी अनुभवलेलं आहे. या मुलाच्या शरीराला रोज सकाळी परीक्षा असल्यासारखं वाटतं, एवढंच.

बस गेली की भीती ओसरते, पोट मोकळं होतं. हा सुटकेचा क्षण फार महत्त्वाचा आहे, कारण मेंदू त्या क्षणी शिकतो : घरी राहिलो, म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी कळ आणखी लवकर येते. आईने चूक केली असं आम्ही म्हणणार नाही. पोट धरून बसलेल्या पोराला कोणती आई बसमध्ये ढकलेल? पण दुखणं जिथे सुरू झालं आणि आज ते ज्यावर तगून आहे, या दोन जागा वेगळ्या असू शकतात. किशोरवयातल्या मानसिक त्रासाची कारणं शोधताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

दृश्य : घराची बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची जागा. तीन पिढ्या बसलेल्या. प्रत्येकाचं बोलणं वेगळं ऐकू येतं.

वडील म्हणतात, मोबाईल. आई म्हणते, शाळेतले मास्तर. आजी म्हणते, दिष्ट लागली. प्रत्येकाने एकेक कारण घट्ट धरलंय. मानसोपचारतज्ज्ञ मात्र एका कारणावर थांबत नाहीत. ते चार प्रश्न विचारतात. हा त्रास होण्याची जमीन आधीपासून कशाने तयार होती? ठिणगी कशाने पडली? आग आज कशामुळे चालू आहे? आणि या मुलाला सावरून धरणारं काय आहे?

जमिनीपासून सुरुवात करू.

काही मुलं स्वभावानेच धास्तावणारी असतात, ती लहानपणापासून. घरात कुणाला नैराश्य, चिंताविकार किंवा दारूचं व्यसन असेल तर मुलाची जोखीम वाढते. वाढते म्हणजे ठरते असं नाही. अशा घरांतली कितीतरी मुलं ठणठणीत राहतात. म्हणून "आत्याची गोळी चालू आहे" हे डॉक्टरांना सांगायचं असतं, लपवायचं नसतं. त्यावरून निदान आणि औषधाची निवडही सोपी होते.

मग वय. मेंदूतला भावनांचा भाग किशोरवयात जोरात कामाला लागतो. विचार करून थांबवणारा, कपाळामागचा भाग मात्र पूर्ण पिकायला पंचविशीच्या आसपासचं वय उजाडतं. हा काळ नाजूक असतो. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की जवळपास निम्मे मानसिक आजार वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयातल्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक विकार असतो. वयात आल्यानंतर मुलींमध्ये नैराश्याचं प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट होतं. त्यात संप्रेरकांचा वाटा आहे, तसा वागणुकीतल्या भेदभावाचाही.

गोव्याबद्दल बोलायचं तर एक अभ्यास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १२ ते १६ वयाच्या २,०४८ मुलामुलींचा हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. विकाराचं प्रमाण दोन टक्क्यांहून थोडं कमी निघालं, इतर ठिकाणच्या मानाने कमीच. त्रासाशी काय जोडलेलं दिसलं, ते मात्र बारकाईने ऐका : अभ्यासातली अडचण, घराच्या आजूबाजूला असुरक्षित वाटणं, मारहाण किंवा शिवीगाळ, तंबाखू, आणि सतत पार्ट्या, खरेदी, बाहेर फिरणं अशी जीवनशैली. ज्या मुलांना पहिला आधार आपल्या कुटुंबाचा वाटत होता, त्यांच्यात प्रमाण कमी होतं. असा संबंध दिसला म्हणून कारण सिद्ध होत नाही. अभ्यास जमत नाही म्हणून मन खचतं, आणि मन खचलं म्हणूनही अभ्यास जमेनासा होतो.

दृश्य : चौथीचं मराठी पुस्तक. शेजारी पाचवीचं इंग्रजी.

अभ्यासातली अडचण गोव्यात कुठे उगवते ते जवळून बघायला हवं. चौथीपर्यंत मुलगा मराठीतून शिकतो. पाचवीला शाळा बदलते आणि इतिहास, भूगोल, विज्ञान एकदम इंग्रजीत येतं. ज्याच्या घरी इंग्रजी वाचणारं कुणी नाही, त्याला धडा कळायच्या आधी पाठ करावा लागतो. तीन-चार वर्षं तो असा निभावून नेतो. नववीत पुस्तक जाड होतं आणि पाठांतर पुरत नाही. वर्गात उभं राहून मोठ्याने वाचायला सांगतात, एका शब्दावर जीभ अडते, मागच्या बाकावरून हसू येतं. पडली ठिणगी.

यातल्या काही मुलांना डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असते आणि कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. हुशार बोलतो, पण वाचताना ओळ सुटते, अक्षरं उलटसुलट होतात, लिहायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. असं मूल आळशी नाही. तपासणी करून प्रमाणपत्र घेतलं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. वर्षानुवर्षं 'ढ' ऐकून घेण्यापेक्षा ही एक तपासणी करणं कितीतरी माणुसकीचं आहे.

ठिणगी घराबाहेरूनही येते. डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या घरांनी हे पाहिलंय. सप्टेंबर २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. खनिज वाहायला कर्ज काढून घेतलेला ट्रक अंगणात उभा राहिला. पैशाची ओढाताण मुलापर्यंत आकड्यांतून पोहोचत नाही. बाप संध्याकाळी तिंठ्यावरून उशिरा येतो, आईचा आवाज चढलेला असतो, शिकवणी गुपचूप बंद होते, यातून ती पोहोचते. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, किंवा आखातात गेलेल्या बापाच्या घरी तऱ्हा वेगळी. तिथे पैसा येतो, पण माणूस सहा-सात महिने नसतो.

आणि एका कारणाबद्दल कुजबुज न करता बोललं पाहिजे : लैंगिक अत्याचार. करणारा बहुतेक वेळा ओळखीचा असतो. मूल अचानक एखाद्या नातेवाइकाकडे, शिकवणीला किंवा ठरावीक घरी जायला नकार देऊ लागलं, तर जबरदस्ती करू नका. आधी एकट्याला विचारा आणि सांगेल त्यावर विश्वास ठेवा. पॉक्सो हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा केंद्रीय कायदा आणि २००३ चा गोवा बाल कायदा यासाठीच आहेत. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो.

दृश्य : अंधारी खोली. पांघरुणाखाली मोबाईलचा उजेड. घड्याळात पाऊण.

आता मोबाईल. सरसकट मोबाईलमुळे नैराश्य येतं, इतकं सरळ चित्र अभ्यासांतून दिसत नाही. नुकसान ठरावीक वाटांनी होतं : झोप जाते, सारखी तुलना होते, आणि वर्गातलं हसू व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर घरापर्यंत मागे येतं.

झोपेचा हिशोब करून बघा. या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, उशिरा स्रवतं, त्यामुळे झोपच मुळी सुमारे दोन तासांपर्यंत पुढे सरकते. पाऊण वाजता झोपलेला मुलगा पावणेसहाला उठला, तर पाच तास झाले. त्याची गरज आठ ते दहा तासांची. आठवड्याच्या पाच रात्रींत निदान पंधरा तासांचं देणं साठतं. चिडचिड, विसरभोळेपणा, रडू यातलं बरंच काही या देण्याचं व्याज असतं. फोन हिसकावून घेतला की भांडण होतं आणि दुसरा फोन सापडतो. त्यापेक्षा रात्री दहाला घरातले सगळे फोन, आईबाबांचे धरून, स्वयंपाकघरात चार्जिंगला लागावेत.

दारूबद्दल थोडक्यात. गोव्यात कायद्याचं वय २१ आहे, पण बाटली सहज हाती येते. काळजी विसरायला घेतलेली दारू दुसऱ्या दिवशी काळजी वाढवते. गांजा कोवळ्या वयात सुरू झाला, तर सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याची, जोखीम वाढते, आनुवंशिक कल असेल तर अधिकच.

मनाचा आजार ठरवण्याआधी रक्त तपासा. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांच्या गडबडीतही थकवा आणि उदासी येते.

मग आपल्या मुलाचं काय? जमीन, ठिणगी, सगळं कळलं तरी आज आग चालू आहे ती टाळण्यामुळे आणि जागरणामुळे. म्हणून उपचार तिथून सुरू होतो.

पण त्याआधी चिडवणं थांबवायचं, आणि ते काम मोठ्यांचं आहे. वर्गशिक्षकांना भेटून महिनाभर मोठ्याने वाचन नको, एका वाक्याचं उत्तर चालेल, असं ठरवून घ्या. चिडवणं चालू असताना मुलाला परत पाठवणं म्हणजे त्याला पुन्हा भाजणं. मग पायऱ्या. पहिले दोन दिवस गणवेश घालून फक्त बसथांब्यापर्यंत. पुढचे तीन दिवस शाळेत एक तास, हवं तर ग्रंथालयात. दुसऱ्या आठवड्यात आवडीचे दोन तास. मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. एखाद्या पायरीवर कळ आली तर लगेच पळ काढू नये. वीस-तीस मिनिटं तिथेच थांबल्यावर ती बऱ्याचदा आपोआप उतरते आणि मेंदू नवा धडा शिकतो. घरी राहण्याची वेळ आलीच, तर शाळेच्या वेळात टीव्ही आणि मोबाईल बंद.

बोलायचं असेल तर समोरासमोर बसवून नाही. स्कूटरवर मागे बसलेला मुलगा जास्त बोलतो. सुरुवात घर, शाळा, मित्र, खेळ अशा सोप्या गोष्टींपासून करा. व्यसन आणि मरणाचे विचार शेवटी, पण विचाराच : "जगणं नको असं कधी वाटतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात भरत नाही, उलट दार उघडतं. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका. घरातली औषधं आणि बागायतीची कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पणजीजवळ बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था हे सरकारी रुग्णालय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो.

उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे रोजची झाली, आवडीची गोष्ट नकोशी झाली, तर वाट बघू नका. देवळात कौल घ्यायचा असेल तर जरूर घ्या. डॉक्टरांची तारीखही त्याच आठवड्यात घ्या. सोबत दोन आठवड्यांचा कागद न्या : झोपला कधी, उठला कधी, पोट कधी दुखलं, त्याआधी काय झालं.

दृश्य : चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, संध्याकाळ. गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी. आरतीची तयारी.

राहिला चौथा प्रश्न, सावरून धरणारं काय. हा मुलगा दरवर्षी आरतीला घुमट, म्हणजे कातडं ताणलेलं मातीचं वाद्य, वाजवायचा. यंदा आतल्या खोलीत बसलाय. "ये, वाजव" म्हटलं तर येणार नाही, वीस पाहुण्यांसमोर तर नाहीच. नववीचे गुण कुणी विचारणार नाही, हे आईने सकाळीच सगळ्यांना बजावलंय. आजोबा दारात येतात. पावसाळी हवेने घुमटाचं कातडं सैल झालंय.

"जरा शेकून आण रे, बाबा. माझ्या हाताला अंदाज येत नाही आता."

मुलगा उठतो, चुलीजवळ बसतो, कातड्यावर बोट मारून बघतो.